डाव्या पायाचा बुटका

स्टीलच्या ताटलीत टण्‌ असा आवाज झाला आणि अक्षदाचा हात हवेतच थांबला.

आधी तिने पूर्वीकडे पाहिलं. पोर चटईवर पालथी झोपली होती. एका पायाची बोटं हलली, मिटली, पुन्हा सैल पडली. मग अक्षदाने श्वास सोडला. दुपारी दीड ते तीन, दिवसातला एवढाच वेळ काय तो तिचा. कुकर उतरवलेला, कपडे गॅलरीत वाळत घातलेले, चाळीतल्या बायका आडव्या झालेल्या. त्या वेळात वाटीला चमचा लागला तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

ताटलीत बुटका पडला होता. तोंडघशी, कुऱ्हाडीसकट.

तिने त्याला चिमटीत उचलून पुन्हा उभा केला. हात काढला. तो क्षणभर विचार केल्यासारखा उभा राहिला आणि परत आडवा झाला. सकाळपासून पडलेला हा चौथा.

अंगठ्याच्या दोन पेरांएवढे हे योद्धे ती गेले तीन आठवडे घडवत होती. आत बारीक तारेचा सांगाडा, त्यावर दोन रंगांची पुट्टी कणकेसारखी मळून चढवायची आणि ती कडक व्हायच्या आत सुईने नाक, बोटं, दाढीचे केस काढायचे. हात माहेरचा होता. वडील, गणपत, परळच्या गणपतीच्या कारखान्यात जन्मभर मातीकाम करत आले. शाळा सुटली की ती तिथे बसून उंदीर करायची, शेकड्याने उंदीर. पुढे लग्न होऊन लालबागला आली, पूर्वी झाली, नोकरी सुटली, आणि एक दिवस गिरगावचा चुलतभाऊ वैभव हे काम घेऊन दारात उभा राहिला. वैभवला टेबलावर सैन्य मांडून खेळायच्या खेळाचं वेड. फासे टाकायचे, पट्टीने मोजून शिपाई पुढे सरकवायचे, असला काहीतरी तो खेळ. त्यासाठी बेंगळुरूच्या एका माणसाला नऊ बुटक्यांची पलटण हवी होती. डोंगराच्या पोटात किल्ला, आणि त्याचा दरवाजा राखणारे हे नऊ जण.

शनिवारी संध्याकाळी वैभव आला, चहा घेतला, खिशातून भिंग काढलं आणि नऊच्या नऊ जणांना एकेक करून डोळ्याशी धरलं.

"ताई, रागावू नकोस हं."

"म्हणजे रागावण्यासारखं आहे."

"हे योद्धे नाहीत गं. हे गॅदरिंगमधले योद्धे आहेत. इयत्ता चौथी ब."

"वैभ्या, चहात साखर घातलीय मी. काढून घेईन."

"नाही, ऐक ना. दाढी बघ याची. शिकेकाईने धुतल्यासारखी भुरभुरतेय. लढाईत कोणी दाढी मोकळी सोडेल? समोरचा पहिली दाढीच धरेल. चिलखत बघ, हिंदमाताच्या दुकानातून आत्ता घडी मोडून घातल्यासारखं. कुऱ्हाड वर उगारलीय, पण ती जड आहे हे त्याच्या खांद्याला कुठे माहितीय?" त्याने भिंग खाली ठेवलं. "आणि मेन म्हणजे यांना वजनच नाही. बुटका म्हणजे लहान मूल नाही, ताई. उंची कमी, पण दगड असतो दगड. त्याला धक्का मारला तर मारणारा पडला पाहिजे."

पूर्वीने गाल फुगवून फूऽ केलं. दोघे योद्धे लवंडले.

"मामा, हे तर फुंकरीने पडतात!"

"बघ," वैभव म्हणाला. "सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं."

अक्षदाने दोघांनाही गॅलरीत हाकललं. पण ओट्याशी उभी राहून भांडी घासताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. धक्का मारणारा पडला पाहिजे. असे पुरुष तिने पाहिले होते. एक तर तिच्याच घरात राहत होता.

दौलत, तिचा नवरा, उंचीने पाच फूट दोन इंच. मान अशी की शर्टाचं वरचं बटण कधी लागलंच नाही. एसी बसवायचं काम करायचा. लिफ्ट नसलेल्या इमारतींत बाहेरचं मशीन खांद्यावर घेऊन चार-चार जिने चढायचा. आणि श्रावण लागला की तो चाळीच्या गोविंदा पथकाचा. दहीहंडीला पोरं एकावर एक थर लावतात तेव्हा सगळं जग मान वर करून वरच्याकडे बघतं, जो हंडी फोडतो त्या एक्क्याकडे. दौलतची जागा तळात, पहिल्या थरात, अगदी मधोमध. तिथे आधी त्याचे वडील उभे राहायचे. फोटोत तो कधीच दिसत नसे.

हंडी पुढच्या शनिवारी होती. रविवारी सकाळी अक्षदा पूर्वीला घेऊन चाळीमागच्या मैदानात सरावाला गेली, पायरीवर बसली आणि पूर्वीची चित्रकलेची वही मांडीवर उघडली.

"काय गो, आज इकडे कशी?" रामचंद्रकाकांनी विचारलं. पथक त्यांनीच उभं केलेलं. साठीच्या पुढचे. चाळीस वर्षांपूर्वी सहाव्या थरावरून पडले, तेव्हापासून मान वळत नाही. कोणाकडे बघायचं तर खांद्यासकट आख्खे वळतात.

"बघायला आले. तळातल्यांना."

"तळातल्यांना?" काका हसले. "त्यांका तर त्यांच्या आवशीनेपण कधी बघितलां नाय."

तळातले अकरा जण गोल उभे राहिले. अक्षदाने आजवर दहा-बारा वर्षं हे पाहिलं होतं, पण पाहिलं नव्हतंच. आता पेन्सिल हातात होती तर एकेक गोष्ट दिसायला लागली. कोणी छाती पुढे काढून उभं नव्हतं. पाय फाकलेले, गुडघे किंचित मोडलेले, भार टाचांवर. कमरेला पट्टा असा आवळलेला की पोट त्यावरून ओघळत होतं. हनुवटी छातीत रुतवलेली, टी-शर्टाची कॉलर दातांत धरलेली. हात एकमेकांच्या खांद्यांवर, आणि पंजे नुसते ठेवलेले नव्हते, रुतलेले होते. समोर कोणी बघत नव्हतं. बघत होते ते खाली, शेजाऱ्याच्या पायांकडे. तो कुठे उभा आहे, किती उभा आहे, हे पाहून प्रत्येक जण स्वतःचा पाय ठेवत होता.

एकाच्या करंगळीचं टोक नव्हतं. एकाचा कान फुलकोबीसारखा चुरगळलेला. एक जण भार येण्याआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा, आणि भार आल्यावर चेहऱ्यावर काहीच दिसू द्यायचा नाही. शंभर वेळा झालेली गोष्ट एकशे एकाव्यांदा होते आहे, एवढंच.

अक्षदा घाईघाईने रेघा ओढत होती. घरी जाऊन तिने नऊच्या नऊ बुटके पक्कडीने मोडले.

सोमवार, मंगळवार, बुधवार. पूर्वीला शाळेत सोडून आल्यावरचा अर्धा तास, दुपारचा दीड, दूध तापेपर्यंतची पाच मिनिटं. मिळेल त्या फटीत ती पुट्टी मळत होती. आता कुऱ्हाडी खाली आल्या. जमिनीला टेकलेल्या, दांडा मुठीपाशी घासून गुळगुळीत झालेला. दाढ्यांच्या वेण्या घालून पट्ट्यात खोचल्या. चिलखत खांद्यावर, जिथे वर्षानुवर्षं पट्टा घासतो तिथे, झिजवलं. एकाला करंगळी दिली नाही. एकाला रामचंद्रकाकांची मान दिली. बाजूला बघायचं म्हणून तो आख्खा वळलेला. रंग देताना लखलखीत लोखंड कुठेच ठेवलं नाही. काजळी, गंज, घामाने काळवंडलेलं चामडं. चकाकी फक्त कडांना. बाटल्यांच्या बुचांवर उभे केले तर आठही जण उभे राहिले. पूर्वीने फुंकर मारली, मग वहीने वारा घातला. कोणी हललं नाही.

नववा दौलत.

त्यासाठी तिला काही आठवावं लागलं नाही. सकाळी मोरीपाशी दात घासताना तो कसा उभा राहतो, बादली कुठल्या हाताने उचलतो, उंबरा ओलांडायच्या आधी चौकटीला हात कसा लावतो. हात आपोआप चालत गेले. उजवा पाय जाड, जमिनीत पुरल्यासारखा. डावा जरा मागे, टाच केसभर उचललेली, पुढचं टोक फरफटत आणल्यासारखं. डाव्या बुटाचं नाक झिजवून तिने आतलं फिकं चामडं दाखवलं. हे तिथे का केलं, असं कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तसंच दिसतं म्हणून.

बुधवारी दुपारी तिने फोटो पाठवले. दोन मिनिटांत वैभवचा फोन.

"ताई! काय केलंस तू हे? अगं, हे आता मरतील पण दार सोडणार नाहीत."

"हळू बोल. पूर्वी झोपलीय."

"आणि तो शेवटचा. बाप रे. तो तर खराच आहे. त्याला कुठेतरी लागलंय. मोठं लागलंय, आणि तो बाकीच्यांना कळू देत नाहीये. सगळा भार उजव्यावर घेतलाय बघ. डावा पाय मेलाय त्याचा. कसं सुचलं गं तुला?"

अक्षदाचे डोळे दाराकडे वळले.

"हॅलो? ताई?"

तिने फोन ठेवला. उठली, दारामागे गेली. दौलतच्या घरातल्या चपला तिथे होत्या, पावसाआधी घेतलेल्या. उजवी जवळजवळ नवी. डावीचा अंगठ्याकडचा भाग घासून इतका पातळ झाला होता की त्यातून तिचं नख आरपार गेलं.

ती चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिली. तीन दिवस ती या माणसाकडे डोळे फाडफाडून बघत होती. एका बुटासाठी हा पाय न्याहाळला, त्याची फरफट मापात बसवली, बसली म्हणून मनात खूशही झाली. आणि विचारलं मात्र एकदाही नाही.

संध्याकाळी दौलत जेवायला बसला. श्रावण, म्हणून काळ्या वाटाण्याचं सांबार आणि भात. तो भिंतीला टेकून, डावा पाय लांब सोडून बसला होता. आता लक्षात आलं, हल्ली रोज तसाच बसायचा. अक्षदा वाढायला वाकली. तिच्या उजव्या हातात डाव होता, डाव्यात पुट्टीकामाची सुई. ती सुई तिने त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात टोचली.

दौलतने भात कालवला. "मीठ कमी पडलंय काय गं जरा?"

तिने अजून दाबली. रक्ताचा मोहरीएवढा थेंब आला.

"की माझ्याच तोंडाची चव गेलीय," तो म्हणाला आणि घास घेतला.

"बाबा!" पूर्वी ओरडली. "आईने तुम्हाला टोचलं!"

"कुठे?"

त्याने आधी हाताकडे पाहिलं. मग दंडाकडे. मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी पायाकडे.

अक्षदाने तो थेंब बोटाने पुसला.

"कधीपासून?" अक्षदाने विचारलं.

"तुझ्या बुटक्यांनी चुगली केली वाटतं."

"अहो, कधीपासून?"

"आषाढात. वरळीला ते मशीन चढवताना कमरेत काहीतरी कट्‌ झालं. आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येत नाहीत." तो हसायला गेला. "बरंय ना, दुखत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलो कुठे? गेलो तर झोपवतील. गणपती झाले की जातो."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी उभा राहतो."

"कुठल्या पायावर?"

दौलतने ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. त्याचाच तिला जास्त धसका बसला. "ऐक. तीन दिवसांवर हंडी आहे. मधला माणूस आता काढला तर त्या जागी जो येईल त्याला शेजाऱ्याचा श्वास माहीत नाही. तो हमखास पडेल. मी पडेन की नाही, हे निदान नक्की नाही."

"तर मग थर कमी लावा. पाच लावा."

"गल्लीतली हंडी आहे, बाबांच्या वेळेपासून सात लागतात. अपेक्षा दोन महिने चढतेय त्यासाठी."

अपेक्षा म्हणजे शेजारच्या सुभद्राची मुलगी. मार्चमध्ये चौदा पूर्ण झाली, वजन तीस किलो. यंदाचा एक्का तीच. चाळीतली सगळी पोरं मोबाइल घेऊन बसून जाड झाली, असं रामचंद्रकाका सांगत फिरायचे.

"मी काकांना सांगणार," अक्षदा म्हणाली.

दौलतने पूर्वीला जवळ ओढलं, अक्षदाचं मनगट धरलं आणि तिचा पंजा पोरीच्या डोक्यावर ठेवला.

"बोल. कोणाला सांगणार नाहीस."

"पोरीला मध्ये आणू नका."

"बोल, अक्षदा."

पोरीची टाळू हाताखाली गरम लागत होती. तान्ही असताना इथेच तर ती तेल भरायची, बोटाखाली जीव उडताना लागायचा. आता हाड भरून आलं होतं. तरी तिला वाटलं, उडतंय.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

झोपताना पूर्वीने विचारलं, "आई, शपथ मोडली की काय होतं?"

"काही होत नाही. झोप."

"माझ्या डोक्यावरची?"

"काही होत नाही म्हटलं ना."

शुक्रवारी अष्टमी. चाळीत उपास, चौकात पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन होऊन गेलेलं. अक्षदाने नववा बुटका रुमालात गुंडाळला आणि जिन्याखालच्या पथकाच्या खोलीत गेली. तोंडाने सांगायचं नाही, एवढंच तर ती बोलली होती. तिने हिशेब असा मांडला होता, आणि तो किती लंगडा आहे हेही तिला कळत होतं.

रामचंद्रकाका मारुतीच्या तसबिरीखाली बसून कमरेचे पट्टे गुंडाळत होते. तिने रुमाल त्यांच्या हातावर ठेवला.

"ह्यां काय?" त्यांनी चष्मा चढवला. मग चेहरा उजळला. "अरे! दौल्या! अगो, दाढी लावलीस म्हणून काय झालां, हो आमचोच दौल्या. बघ कसो उभो हा तो. पहिलो थर!"

"नीट बघा, काका."

ते खांद्यासकट उजेडाकडे वळले. बोटाने त्यांनी कुऱ्हाड चाचपली, खांदा चाचपला, उजवा पाय. मग त्यांचा अंगठा डाव्या पायावर आला आणि थांबला.

तो अंगठा हलायची ती वाट बघत राहिली. बाहेर कोणीतरी पाण्याचा पाइप जोडत होतं, त्याची फुरफुर येत होती.

काकांनी मूठ मिटली.

"तू काय सांगितलं नाहीस," ते म्हणाले. बोलण्यातलं मालवणी कुठल्या कुठे गेलं होतं. "आणि मी काय ऐकलं नाही."

"काका, वर अपेक्षा आहे."

"माहितीय कोण आहे. तिच्याखाली सहा थर आहेत, तेपण माहितीय." ते थांबले. "अकरा जण असतात तळात. तुला काय वाटतं, अकराचे अकरा धड असतात? माझ्या वेळी कधी नव्हते. एकाचं वजन दहा जण वाटून घेतात. त्यांना कळतं. सांगावं नाही लागत. गेल्या रविवारपासून त्याच्या डावीकडचा माणूस अर्धा फूट आत सरकलाय. मी विचारलं नाही का सरकला."

"म्हणजे सगळ्यांना माहितीय?"

"कोणालाच माहीत नाही," काका म्हणाले. "म्हणून तर उभे राहतात."

बुटका त्यांनी परत दिला नाही. तसबिरीपुढे उदबत्तीशेजारी ठेवला. "उद्यापर्यंत इथे राहू दे."

ती जिना चढून वर आली तेव्हा आठ जण खिडकीत वाळत होते, आणि मध्ये एक जागा मोकळी होती.

शनिवारी पहाटेपासून पाऊस लागून राहिला होता, दहाला थांबला. रस्ता तेल सांडल्यासारखा चमकत होता. मोठ्या हंड्यांना क्रेन असते, वरच्याला कमरेला दोर असतो. गल्लीतल्या हंडीला दोन चाळींच्या गॅलऱ्यांमधून बांधलेली दोरी आणि खाली आपली माणसं, एवढंच. ट्रक घेऊन बाहेर पडायच्या आधी पथक पहिली सलामी इथेच द्यायचं. अपेक्षाच्या डोक्यावर निळं हेल्मेट होतं. मापाला मोठं, सारखं कपाळावर येत होतं.

दौलत निघायच्या तयारीला लागला. पट्टा त्याने अक्षदाकडून बांधून घेतला. तिने गुडघा त्याच्या पाठीला लावून आवळला.

"अजून," तो म्हणाला.

ती अजून आवळत गेली.

पूर्वीला कडेवर घेऊन ती गर्दीत उभी राहिली. सहा वर्षांची पोर कडेवर जड होते, पण खाली ठेवायची हिंमत होत नव्हती. तळातले अकरा जण घुसले, त्यांच्याभोवती बाकीच्यांचं कडं पडलं, आणि दौलत दिसेनासा झाला. दिसत होती ती फक्त एका बाजूला किंचित कललेली खांद्यांची ओळ. इतर कोणाला ती सरळच दिसली असती.

दुसरा थर चढला. तिसरा. चौथ्याला स्पीकर बंद झाला. थर वर जाताना गाणी बंद करतात, खालच्यांना काकांचा आवाज ऐकू यावा म्हणून. एवढी मोठी गल्ली, आणि ओल्या पत्र्यावरून गळणारं पाणी ऐकू येऊ लागलं.

"श्वास," काका म्हणाले. "श्वास घ्या. पाय बघा."

पाचवा थर बसला. खालून एक हुंकार आला, जमिनीतून आल्यासारखा. अक्षदाला वाटलं, उजवा. उजव्यावर घ्या. मग वाटलं, उजव्यावर किती घेणार.

तिचं मनगट कोणीतरी धरलं. सुभद्रा होती, अपेक्षाची आई. दुसऱ्या हातात मोबाइल धरून शूटिंग करायला गेलेली, पण मोबाइल तसाच छातीशी राहिलेला.

"हात बघ कसा बर्फ झालाय तुझा," सुभद्रा कुजबुजली. "मला सांगतेस काय, माझं तर पाणी पाणी झालंय. पण एक आहे हं, अक्षदा. तळात दौलतभावजी आहेत म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर पोटची पोर कोण चढवेल गो?"

सहावा थर उभा राहिला. ओळ हलली. अर्धी वीत डावीकडे, मग सावकाश, फार सावकाश, परत. गल्लीने एकदम श्वास आत घेतला आणि सोडला नाही. निळं हेल्मेट माणसांच्या पाठी चढून वर निघालं, तिसऱ्या थरावर थांबलं, कपाळावरून मागे सारलं गेलं, पुन्हा निघालं.

सुभद्राने डोळे मिटले. ओठ पुटपुटत होते, नखं अक्षदाच्या मनगटात रुतली होती.

पूर्वीने आईच्या गळ्यात हात टाकला आणि तोंड कानाशी आणलं. पोरीला वाटलं आपण हळू बोलतोय, पण गल्ली अजून श्वास धरून होती.

"आई, बाबांच्या पायाचं सुभद्राकाकूंना माहितीय?"